बंडखोराचं देऊळ, लॅपटॉपचा ताईत

टोकियोतलं अकिहाबारा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची पेठ. तिथून चालत दहा मिनिटांच्या आत, चढावर ‘कांदा म्योजिन’ हे शिंतो देवस्थान लागतं. परंपरेनुसार ते ७३० सालचं. १६१६ मध्ये ते सध्याच्या जागी आलं आणि एदोचं, म्हणजे आजच्या टोकियोचं, रक्षक दैवत ठरलं.

इथं मुख्य देव तीन. दाइकोकु आणि एबिसु हे धंद्याला बरकत देणारे. पैकी दाइकोकुचं मूळ भारतातलं: आपला महाकाल बौद्ध धर्माबरोबर जपानला गेला, तिथल्या ओकुनिनुशी या देवाशी एकरूप झाला आणि भाताच्या पोत्यांवरचा गुबगुबीत, हसरा देव बनला.

तिसरा देव ताइरा नो मासाकादो. हा पूर्वेकडचा सरदार. सम्राटाविरुद्ध उठला, स्वतःलाच ‘नवा सम्राट’ म्हणवून घेतलं आणि ९४० मध्ये मारला गेला. त्याचा कोप नको म्हणून १३०९ मध्ये त्याला इथं देवत्व मिळालं. पुढे मेइजी काळात राज्यकारभार पुन्हा सम्राटाच्या नावानं चालू लागला आणि राजद्रोह्याची पूजा अडचणीची झाली. १८७४ मध्ये त्याला मुख्य देवांतून वगळलं गेलं. लोकांनी मात्र त्याला टाकलं नाही. १९८४ मध्ये, तब्बल ११० वर्षांनी, तो सन्मानानं परतला.

इमारतीची कथाही अशीच. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत लाकडी देऊळ जळालं. १९३४ मध्ये ते पुन्हा उभारताना पोलाद आणि काँक्रीट वापरलं, वर शेंदरी लाखेचा रंग दिला. १९४५ च्या बॉम्बवर्षावात भोवतालचा परिसर बेचिराख झाला, पण देऊळ टिकलं.

दर्शनाची रीत सोपी. दारातल्या पाण्यानं आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, आणि डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ भरायची. पेटीत नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडून मनातलं मागायचं आणि शेवटी पुन्हा एकदा वाकायचं. बाजूला ताईत मिळतात. त्यांत एक संगणकातली माहिती सुरक्षित राहावी म्हणूनही आहे, लॅपटॉपला चिकटवायचा. नवसाच्या लाकडी पाट्यांवर अ‍ॅनिमेतल्या नायिका रंगवलेल्या दिसतात, कारण ‘लव्ह लाइव्ह!’ या मालिकेत हेच देवस्थान आहे. जानेवारीत कचेऱ्या उघडल्या की सुटाबुटातल्या कर्मचाऱ्यांच्या रांगा लागतात.

जायचं तर विषम वर्षाच्या मे महिन्यात जावं. तेव्हा कांदा मात्सुरीचा मोठा उत्सव असतो. ‘मिकोशी’ म्हणजे देवाच्या पालख्या अकिहाबाराच्या दुकानांसमोरून जातात. मिरवणूक ओतेमाचीत, बँकांच्या उंच इमारतींच्या मधोमध असलेल्या मासाकादोच्या समाधीपाशीही थांबते. राजसत्तेनं खाली उतरवलेल्या देवाचा मान त्याच्या शहरानं असा राखला आहे.