इंजेक्शन देऊनही दाढ दुखते तेव्हा...
‘बधिरतेचे इंजेक्शन मला लागूच पडत नाही,’ असे सांगणारा रुग्ण भित्राच असतो असे नाही. दाढेची नस सुजली की तेथील आम्लता वाढते व लिग्नोकेन नसेत पुरेसे शिरत नाही. खालच्या दाढांत हे विशेष घडते. ओठ जड होतो, दाढ मात्र ठणकतच राहते! त्यात मागच्या वेदनेची धास्ती, आणि धास्तीने वेदना अधिकच जाणवते. म्हणून तो अनुभव खुर्चीत बसण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावा. दुखल्यास डावा हात वर करीन, तेव्हा थांबावे, एवढे ठरवून घ्यावे. औषध भिनण्यास १०-१५ मिनिटे द्यावीत. तरीही दुखल्यास दाढेच्या मुळाशी दुसरे इंजेक्शन देता येते. ते मागण्यात संकोच कसला? रक्तदाब, हृदयविकार वा चालू गोळ्या मात्र आधीच सांगाव्यात.