रेंज नाही, वायफाय आहे

मेळघाटात शाळेची रेंज शाळेत नसते. ती कुठल्या तरी टेकाडावर किंवा वळणावरच्या ठरावीक सागाखाली असते, आणि ती जागा शिक्षकांना तोंडपाठ असते. धारणी तालुक्यातल्या ज्या द्विशिक्षकी शाळेत मी जाऊन बसत होतो, तिथली रेंज गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर आहे. खिचडी वाटून झाली की मुख्याध्यापक सर मोटरसायकल काढून तिथे जातात. पोषण आहाराची आजची संख्या कळवायची असते, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीतली दुरुस्ती करायची असते, शिवाय ग्रुपवर ‘तात्काळ’ म्हणून आलेल्या तक्त्यात आकडे भरायचे असतात. अशा शाळांत इंटरनेट आधी कार्यालयाच्या कामाला लागतं आणि त्यातून उरलं तर मुलांच्या वाट्याला येतं. उरत नाही.

तरी या शाळेत वायफाय आहे. फळ्याच्या वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, भोकं पाडलेला प्लास्टिकचा एक डबा खिळ्याला टांगलाय. आत एटीएम कार्डाएवढा संगणक आहे : रास्पबेरी पाय. मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून एका ब्रिटिश संस्थेनं २०१२ मध्ये तो ३५ डॉलरला बाजारात आणला. इथे तो प्रोग्रामिंग शिकवत नाही, वाढप्याचं काम करतो. त्याच्या मेमरी कार्डात बालभारतीची पुस्तकं आहेत, ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी आहेत आणि मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातले विज्ञानाचे प्रयोगही आहेत. बोटानं सरकवायचे हे प्रयोग मराठीत उपलब्ध आहेत आणि एकेक फाइल करून उतरवून घेता येतात. हे सगळं मांडून देणारं सॉफ्टवेअर ‘कोलिब्री’. २०१७ पासून ते फुकट मिळतं आणि इंटरनेट नाही हे गृहीत धरूनच ते बनवलेलं आहे. डब्याचं वायफाय वर्गाच्या चार भिंतींपुरतं. टॅब त्याला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा : १०.१०.१०.१०. पहिलीची पोरं तो ‘दहा दहा दहा दहा’ असा सुरात म्हणतात.

डब्यात नवं काही घालायचं झालं की ते परतवाड्याहून येतं. माझा एक मित्र तिथे राहतो. रात्री घरच्या ब्रॉडबँडवर तो हवं ते उतरवून घेतो, कार्डावर भरतो आणि सेमाडोह, हरिसाल करत घाटातून घेऊन येतो. म्हणजे या शाळेचं अपडेट शर्टाच्या खिशातून येतं. वाटेतलं हरिसाल आठवत असेल. २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि २०१९ च्या प्रचारात राज ठाकरे यांच्या ‘लाव रे तो व्हिडिओ’नं ते राज्यभर पोचलं. गाव खरंच डिजिटल झालं का, या वादात मला पडायचं नाही. जंगलातून केबल आणणं आणि मनोरे उभे करणं अवघड आहे, वेळखाऊ आहे, आणि पहिलीत बसलेलं पोर तोवर चौथी पास होऊन जाणार आहे, एवढंच मला दिसतं.

डबा लावणं सोपं. चालता ठेवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

पहिली अडचण फोन आणि टॅबच्या शहाणपणाची. अँड्रॉइडला वायफाय सापडलं की तो पलीकडे इंटरनेट आहे का ते तपासतो. नसलं की वायफाय निकामी आहे असं समजून तो स्वतःच जोडणी सोडतो, किंवा ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं?’ असं विचारतो. ती सूचना दोन-चार सेकंद दिसते आणि जाते. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, म्हणजे मॅडमनी टॅब वाटले, मुलांनी पत्ता टाकला, निम्म्यांचं पान उघडलंच नाही. मॅडमना वाटलं डबा बिघडला. चौथीतली एक मुलगी उठली, एकेकाचा टॅब घेऊन वरून पट्टी खाली ओढली, ‘हो’ला बोट लावलं आणि ‘पुन्हा विचारू नको’वर खूण केली. इतकं करून ती जागेवर जाऊन बसली. आता हे खातं तिच्याकडेच आहे.

दुसरी अडचण विजेची. डब्याला पाच व्होल्ट लागतात आणि ते नेमके पाच लागतात. बाजारात मिळणारी पातळ चार्जिंग वायर लावली की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि संगणक मधूनच बंद होऊन चालू होतो. कार्डावर काही लिहिलं जात असताना लाईट गेली तर कार्डच बिघडू शकतं. त्यामुळे डब्याला थेट भिंतीतल्या बोर्डावर ठेवत नाहीत, मध्ये पॉवर बँक असते. शिवाय त्याच कार्डाची हुबेहूब दुसरी प्रत कपाटात, हजेरीपटाच्या खाली ठेवलेली असते. पहिलं कार्ड गेलं की सर पेचकस घेऊन खुर्चीवर चढतात, कार्ड बदलतात आणि पाच मिनिटांत वर्ग सुरू होतो. ही दुसरी प्रत नसेल तर शाळेला मित्राच्या पुढच्या खेपेची वाट बघावी लागते, आणि पावसाळ्यात ती खेप महिन्यानं होऊ शकते.

तिसरी गोष्ट मला फार मजेची वाटली. या संगणकाच्या पोटात चालतं घड्याळ नाही. आपल्या फोनला वेळ नेटवर्ककडून मिळते. इथे नेटवर्कच नाही, त्यामुळे वीज गेली की डबा जिथे थांबला तीच तारीख धरून पुन्हा सुरू होतो. सर सोमवारी गुणपत्रक उघडतात तर मुलांनी सगळं शुक्रवारीच सोडवलेलं दिसतं. यावर नाणेबॅटरीवर चालणारा घड्याळाचा छोटा तुकडा मिळतो, काही शे रुपयांत. तो बसवेपर्यंत सर रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहून झाली की डब्यातली तारीखही बदलत होते.

आता डब्यात काय घालायचं? कार्डात जागा भरपूर असते आणि इथेच लोक फसतात. सुरुवातीला सगळं भरलं गेलं होतं, उघडल्याबरोबर शेकडो चित्रं. मुलं अर्धा तास नुसती वरखाली करत राहायची. मॅडमनी एका शनिवारी बसून यादीला कात्री लावली. पुढच्या पंधरवड्यात जे शिकवायचंय तेवढंच समोर दिसेल, बाकीचं झाकलेलं. व्हिडिओही कापून घेतले. दहा मिनिटांचा शंभरेक एमबीचा व्हिडिओ दाबून वीसवर आणता येतो, पण त्यात फळ्यावरची अक्षरं पुसट होतात. मॅडमचं मत स्पष्ट आहे : चित्र गेलं तरी चालेल, आवाज नीट हवा. नुसता बोललेला आवाज दहा मिनिटांचा असला तरी अडीच एमबीत मावतो.

या अडीच एमबीतच डब्यातली सगळ्यात लाडकी फाइल आहे. गावातली मुलं कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीच्या भावकीतली नव्हे, त्यामुळे पहिलीत येणाऱ्या पोराला पाठ्यपुस्तकातलं वाक्य परक्या मुलखातलं वाटतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी कोल्ह्याची एक गोष्ट फार रंगवून सांगतात. मॅडमनी ती फोनवर रेकॉर्ड केली, आधी कोरकूत, मग तीच तुटकतुटक मराठीत. मागे चुलीवरच्या पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज येतो, तो त्यांनी काढला नाही. पहिली-दुसरीची मुलं आधी कोरकू ऐकतात, मग मराठी, आणि मराठीत मावशी अडखळतात तिथे शब्द पुरवतात. परदेशातून आलेल्या कुठल्याही फाइलीला हे जमलं नसतं.

मात्र हा डबा शाळेत असावा असं मला ज्या कारणानं वाटलं ते वेगळंच आहे, आणि ते वजाबाकीच्या तासाला कळलं. तिसरीला दशक सुटा करायची वजाबाकी चालू होती. सरांनी टॅबवर पाच उदाहरणं दिली. मुलं सोडवत असताना सर आपल्या फोनवर त्यांची उत्तरं बघत होते. कोलिब्रीत शिक्षकाला प्रत्येक मुलाचा प्रत्येक प्रयत्न दिसतो, बरोबर-चूक एवढंच नव्हे तर त्यानं नेमकं काय लिहिलं तेही. एक उदाहरण होतं ५२ वजा २७. जवळजवळ अर्ध्या वर्गानं ३५ लिहिलं होतं. सरांनी फोन माझ्यासमोर धरला. ‘बघा, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. सगळ्यांनी.’ मग त्यांनी टॅब गोळा करायला लावले आणि कोपऱ्यातून काड्यांची पिशवी आणली. पाच मोळ्या, दोन सुट्या काड्या. ‘सत्तावीस काढून दे मला.’ समोरच्या मुलानं दोन मोळ्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. सर काही बोलले नाहीत. पोरानं इकडेतिकडे बघितलं, मग एका मोळीचं रबर काढलं.

उरलेला तास टॅब पिशवीतच होते. टॅबनं वीस मिनिटांत जे दाखवलं ते वह्या तपासूनही कळलं असतं. पण दोन शिक्षकांत चार इयत्ता असताना वह्या संध्याकाळी तपासल्या जातात आणि तोवर मूल घरी गेलेलं असतं.

३५ हे उत्तर पोरापासून सरांपर्यंत जायला कितीशी बँडविड्थ लागते? दोन आकडे. ग्रामीण शाळांत तंत्रज्ञान न्यायच्या बहुतेक योजना मुलापर्यंत किती पोचवता येईल याचा हिशेब करतात. मुलाकडून शिक्षकाकडे काय परत येतं ते हिशेबात नसतं. ‘दर मुलाला एक लॅपटॉप’ ही जगभर गाजलेली कल्पना. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची भारतातली पहिली चाचणी २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत झाली होती. पेरू देशानं तर ते लाखोंनी घेतले आणि प्रत्येकात सुमारे २०० पुस्तकं भरून दिली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना तिथे साडेचार हजार घरांमध्ये एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला एसएमएसवर साधी गणितं पाठवली, काहींना एसएमएस आणि जोडीला पंधरा-वीस मिनिटांचा फोन. फोनवर पलीकडचा माणूस मुलाकडून गणित सोडवून घ्यायचा. नुसत्या एसएमएसनं फारसं काही झालं नाही. फोनवाल्या घरांतल्या मुलांचं गणित सुधारलं. फोनही साधाच, बटणांचा चालतो. त्याच वर्षी नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम लागायचा. रेडिओइतकं स्वस्तात दूरवर पोचणारं दुसरं साधन नाही, आणि मला तो कार्यक्रम आवडायचा. पण मूल काय उत्तर देतंय ते रेडिओला ऐकू येत नाही.

जाता जाता, एसएमएसचा मार्ग आपल्याला आणखी एका कारणानं अरुंद आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांनी’ एवढं लिहिलं की १५ संपली.

ही शाळा डब्यामुळे बदलून गेली असं मी म्हणणार नाही. वर्गाला टॅब पुरत नाहीत, दोघा-तिघांत एक येतो आणि मधला दांडगा असेल तर टॅब त्याच्याच हातात राहतो. सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावले की डबा धापा टाकतो. सरांची बदली झाली तर पेचकस घेऊन खुर्चीवर कोण चढणार, याचं उत्तर कोणाकडे नाही. मॅडम आता शिकून घेत आहेत.

वाचणाऱ्यांत रोटरीवाले असतील, कंपनीच्या सीएसआरचं काम बघणारे असतील, आपल्या गावच्या शाळेला काही द्यावं असं वाटणारे मुंबई-पुण्यातले नोकरदार असतील. तुम्हाला एक विनंती आहे. टॅबांचं वाटप करून फोटो काढायच्या आधी त्या शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा की येत्या महिन्यात तुम्ही काय शिकवणार आहात. त्यापुरतंच साहित्य द्या. सोबत कार्डाची दुसरी प्रत, जाड वायर, पॉवर बँक आणि घड्याळाचा तो तुकडा द्या. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा स्वतः जाऊन या.