सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरची ओढ

न्यूयॉर्क पोलीस दलात कर्तव्यावर रिव्हॉल्व्हर बाळगण्याची मुभा ३१ ऑगस्ट २०१८ रोजी संपली. नऊ मिलिमीटरची पिस्तुले १९९३ मध्येच स्वीकारली गेली होती. तरीही काही जुन्या अधिकाऱ्यांनी आपले रिव्हॉल्व्हर सोडले नव्हते. निवृत्तांच्या मनातही त्याविषयी आजवर जिव्हाळा आढळतो.

त्याचे एक कारण मालकीचे. आपल्याकडे पोलिसाचे शस्त्र सरकारी असते. निवृत्त होताना ते शस्त्रागारात जमा करावे लागते. न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त शस्त्र अधिकारी स्वखर्चाने घेत. साहजिकच पदासोबत ते हातातून जात नसे.

दुसरे कारण रचनेचे. स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल १०’ हे १८९९ मधील मूळ नमुन्यातून विकसित झालेले .३८ रिव्हॉल्व्हर अमेरिकी पोलिसांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. फिरत्या चक्रात सहा काडतुसे असत. एखादे फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येई. पिस्तुलात अशा वेळी फुसके काडतूस हाताने बाहेर काढावे लागते. हा भरवसा पोलिसांना मोलाचा वाटे.

मात्र या सहा गोळ्यांची किंमतही मोजावी लागली. जून १९८६ मध्ये क्वीन्स भागात एका तरुण पोलिसाने सहाही गोळ्या झाडल्या. तो पुन्हा काडतुसे भरत असतानाच पिस्तूलधारी गुन्हेगाराने त्याला ठार केले. पिस्तुलाच्या मागणीला या घटनेने बळ मिळाले.

‘मोजक्या गोळ्या असल्या की पोलीस विचार करून गोळी झाडतो,’ असा रिव्हॉल्व्हरच्या समर्थकांचा युक्तिवाद असतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्याच चार पोलिसांनी निःशस्त्र अमादू डियालोवर ४१ गोळ्या झाडल्या. दोघांनी प्रत्येकी १६. हे प्रकरण त्या युक्तिवादाला पुष्टी देते, असे वाटू शकते. परंतु चौघांच्या हाती रिव्हॉल्व्हर असती, तरी २४ गोळ्या सुटू शकल्या असत्या आणि समोरचा माणूस तितकाच निःशस्त्र राहिला असता.

शस्त्राची मर्यादा म्हणजे ते चालवणाऱ्याचा संयम नव्हे. तो प्रशिक्षणातून आणि उत्तरदायित्वाच्या जाणिवेतून येतो. जुन्या शस्त्राविषयीची आपुलकी स्वाभाविक आहे. पण ते का बदलावे लागले, हेही त्या आठवणींसोबत जपले पाहिजे.