चित्रपटातील स्थळ आणि आजचे स्थळ : कोल्हापूरच्या संदर्भात पुनर्छायाचित्रणाचा विचार

जुन्या चित्रपटातील एखादी चौकट हाती घेऊन, ती ज्या ठिकाणाहून टिपली गेली त्याच ठिकाणी पुन्हा उभे राहावे आणि त्याच दिशेने, त्याच उंचीवरून आजचे छायाचित्र घ्यावे, या उद्योगाकडे सामान्यत: हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुत: ही संशोधनाची एक स्वतंत्र पद्धती असून तिला पुनर्छायाचित्रण असे म्हणता येईल. तिचा उगम चित्रपटाच्या अभ्यासात नसून निसर्गविज्ञानात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञाने आल्प्स पर्वतातील हिमनद्यांचे मोजमाप करण्यासाठी निश्चित स्थानांवरून छायाचित्रे घेतली. त्या स्थानांवरून पुढे पुन्हा छायाचित्र घेतले की हिम किती सरकले वा ओसरले हे कळू लागले. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट व त्याचे सहकारी यांनी शतकापूर्वीच्या भूसर्वेक्षणातील छायाचित्रांची स्थाने शोधून तेथून नवी छायाचित्रे घेतली. चित्रपटाच्या क्षेत्रात जॉन बेंगट्सन या अभ्यासकाने चॅप्लिन, कीटन व लॉइड यांच्या मूकपटांतील लॉस एंजलिसचे रस्ते असेच एकेक करून ओळखून दाखविले.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. जुने चित्र हाती आहे आणि त्याच्या आधारे बदललेले स्थळ शोधावयाचे आहे. कोल्हापूरच्या बाबतीत मात्र ही मांडणी बहुतांशी उलटी होते. येथे चित्र नष्ट झाले आहे आणि स्थळ, निदान त्याचा काही अंश, शिल्लक आहे. या उलट स्थितीत पुनर्छायाचित्रणाचा उपयोग कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. स्थळांची परंपरा

नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे भावांच्या नात्यातले दोन कलावंत चलच्चित्राकडे वळले, तेथून कोल्हापूरच्या चित्रपटाचा प्रारंभ होतो. आनंदराव १९१६ मध्ये वारले. त्यानंतर बाबूरावांनी स्वत:च्या कारागिरीने कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला. या कंपनीची स्मृती म्हणून खरी कॉर्नर येथे कॅमेरा मानस्तंभ उभा आहे. कंपनीतून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट येथेच तयार झाला. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. त्याच सुमारास संस्थानाच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन निघाले व पाठोपाठ शालिनी सिनेटोन. सिनेटोनचा स्टुडिओ पुढे भालजी पेंढारकरांकडे आला आणि ‘जयप्रभा’ या नावाने प्रसिद्धी पावला.

ही यादी परिचयाची असली तरी तिच्याकडे स्थळाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. अवघ्या पंधरा वर्षांच्या आत एका लहानशा संस्थानी शहरात इतके स्टुडिओ उभे राहिले. त्यांच्या आवारांत, आणि गरज पडली की आसपासच्या तळ्याकाठी, माळावर व गडावर, कॅमेरे मांडले गेले. त्या जागांचा नकाशा अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे.

२. चित्राचा अभाव

भारतात मूकपटाच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यांतील शिल्लक राहिलेले फारच थोडे. सेल्युलोज नायट्रेटच्या पायावरील फिल्म सहज पेट घेते, न पेटली तरी कालांतराने विरघळून तिची भुकटी होते. आणि तिच्यातील चांदीसाठी जुन्या प्रती विकून टाकण्याची प्रथा होती. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ (१९२७) व ‘सती सावित्री’ (१९२७) यांचे भाग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात टिकले. ‘सैरंध्री’ व ‘सिंहगड’ (१९२३) यांसारखे कीर्तिमान चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजींचा स्टुडिओही सापडला. संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. म्हणजे कोल्हापूरच्या मूकपटांची बहुतेक हानी तिच्या पूर्वीच झालेली होती.

त्यामुळे अभ्यासकास पुष्कळदा चित्रपटातील चौकटीऐवजी स्थिरचित्रावर, म्हणजे जाहिरातीसाठी निराळ्या कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रावर, अवलंबून राहावे लागते. येथे सावधगिरी अवश्य आहे. स्थिरचित्र घेणारा कॅमेरा चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याच्या जागी असतोच असे नाही. नटही छायाचित्रासाठी पुन्हा उभे केलेले असतात. अशा चित्रावरून स्थळ ओळखता येईल, परंतु चित्रपटाचा कॅमेरा कोठे होता हे सिद्ध होणार नाही.

दुसरा धोका नामसादृश्याचा. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीने व १९३३ मध्ये प्रभातने काढला. ‘सिंहगड’ १९२३ मध्ये एकदा व १९३३ मध्ये प्रभातकडून पुन्हा निघाला. ‘सावकारी पाश’ तर बाबूराव पेंटरांनीच प्रथम १९२५ मध्ये मूक व नंतर १९३६ मध्ये बोलका असा दोनदा केला. केवळ नाव लिहिलेले एखादे सुटे छायाचित्र या जोड्यांपैकी कोणत्या चित्रपटाचे, हे ठरविल्यावाचून त्यावर काहीही उभारणे योग्य नव्हे.

३. नेपथ्य आणि स्थळ

बाबूराव पेंटरांच्या कार्याचे एक वैशिष्ट्य असे सांगितले जाते की, रंगविलेल्या सपाट पडद्यांच्या जागी त्यांनी घनरूप, त्रिमितीय नेपथ्य आणले. कलेच्या इतिहासात ही प्रगती होय; स्थळशोधकास मात्र ती अडचण ठरते. पडदा ओळखू येतो, परंतु उत्तम रचलेला वाडा खराच भासतो. पडद्यावर गड दिसला म्हणजे तो पन्हाळाच, हा तर्क म्हणूनच टिकत नाही. खऱ्या दगडी बांधकामात प्रत्येक चिऱ्याचा आकार निराळा असतो आणि सांध्यांच्या रेषांची अशी काही जुळणी असते की तीच दुसरीकडे सापडणे अशक्य. चौकटीतील दहा-पंधरा चिऱ्यांचे सांधे तीन दरवाजाच्या एखाद्या भागाशी तंतोतंत जुळले तर स्थळ सिद्ध झाले. केवळ कमान सारखी दिसते म्हणून ते सिद्ध होत नाही.

तथापि नेपथ्याचे दृश्यही स्थळाच्या दृष्टीने सर्वस्वी निरुपयोगी नाही. कृत्रिम प्रकाशाची सोय होण्यापूर्वी घरातील दृश्येही उघड्या आकाशाखाली, सूर्यप्रकाशात घेतली जात. प्रकाश सौम्य करण्यासाठी वर कापड ताणलेले नसेल तेव्हा खांबांच्या व नटांच्या सावल्या स्पष्ट उमटतात. आणि सावलीवरून नेपथ्य कोणत्या दिशेस तोंड करून उभे होते याचा अंदाज बांधता येतो. स्टुडिओच्या आवाराचा जुना नकाशा उपलब्ध असल्यास त्यावर त्या नेपथ्याची मांडणी दाखविणेही अशक्य नाही.

४. कॅमेऱ्याचे स्थान कसे ठरवावे

पुनर्छायाचित्रणाचे मूळ तत्त्व सोपे आहे. पाहणारा डावीकडे सरकला की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत उजवीकडे सरकल्यासारखी दिसते. यास्तव चौकटीत एक जवळची व एक दूरची अशा वस्तूंच्या निदान दोन जोड्या निवडाव्यात. प्रत्येक जोडी मूळ चित्राप्रमाणे एका रेषेत येईल अशा बेताने उभे राहावे. जेथे दोन्ही रेषा मिळतात तेथेच मूळ कॅमेरा होता. कॅमेऱ्याची उंचीही याच रीतीने, वर-खाली सरकून, ठरते.

भिंगाचा विचार यानंतरचा. मूकपटाच्या काळात ५० मिलिमीटरचे भिंग सर्वसाधारण मानले जाई. चित्रपटाची चौकट सुमारे २४ मिलिमीटर रुंद व स्थिर कॅमेऱ्याची ३६ मिलिमीटर असल्याने, तितकाच देखावा टिपण्यास स्थिर कॅमेऱ्यावर सुमारे ७५ मिलिमीटरचे भिंग लागेल. बोलपटाच्या आरंभी ध्वनीच्या पट्टीने चौकटीचा एक काठ व्यापला व चित्र जवळजवळ चौरस झाले, हेही ध्यानात ठेवावे. भिंगाची चूक मागाहून चित्र छाटून सुधारता येते. उभे राहण्याच्या जागेची चूक मात्र सुधारता येत नाही, कारण वस्तूंचे परस्परसंबंध केवळ स्थानावर अवलंबून असतात.

कालनिर्णयास सूर्यही साहाय्य करतो. कोल्हापूर सुमारे १६ अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो व सावली दक्षिणेस पडते. एरवी ती उत्तरेस पडते. पावसाळ्यात बाह्यचित्रण अवघड, हे लक्षात घेता माध्यान्हीची दक्षिणेकडील सावली बहुधा मे महिन्याकडे बोट दाखवील.

रंकाळ्याच्या उदाहरणाने ही रीत अधिक स्पष्ट होईल. तळ्याचा कठडा, पाण्यातील संध्यामठ आणि पश्चिम काठावरील शालिनी पॅलेस या तीन खुणा एका चौकटीत आल्या तर कॅमेऱ्याचे स्थान थोड्या पावलांच्या अंतरात निश्चित करता येते. शिवाय शालिनी पॅलेसचे बांधकाम १९३१ ते १९३४ या काळातले. तेव्हा पश्चिम काठ स्पष्ट दिसत असूनही ती इमारत दिसत नसेल, तर चौकट त्यापूर्वीची मानावी लागते. संध्यामठाचा किती भाग पाण्याबाहेर आहे यावरून ऋतूचाही काही बोध होतो. येणेप्रमाणे एकच चौकट स्थळ, वर्षाची मर्यादा आणि ऋतू या तिन्ही गोष्टी सांगू शकते.

५. स्थळाची नाशवंतता

वर म्हटल्याप्रमाणे कोल्हापुरात चित्रापेक्षा स्थळ अधिक टिकले. परंतु ते टिकूनच राहील असा भरवसा नाही. पुण्याशी तुलना केली असता हे स्पष्ट होते. प्रभातच्या पुण्यातील स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आली. त्यामुळे त्या वास्तूला सांभाळणारा धनी मिळाला. कोल्हापुरातील स्टुडिओंना असा वारस लाभला नाही. जयप्रभा स्टुडिओची मालकी १९५९ मध्ये लता मंगेशकर यांच्याकडे गेली. पुढे चित्रीकरण थांबले, आवाराचे भाग होत गेले, आणि २०२२ मध्ये विक्रीची वार्ता पसरताच तो जपावा या मागणीसाठी शहरात आंदोलन उभे राहिले. ज्या आवारात ‘वाल्मीकि’ (१९४६) आणि ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) यांसारखे चित्रपट आकारास आले, त्याच्या कोणत्या कोपऱ्यात काय होते हे सांगू शकणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले, कोल्हापूरच्या नाट्य-चित्र परंपरेचे केंद्र असे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. शतकाहून अधिक काळ उभी असलेली वास्तू एका रात्रीत गेली. अशा प्रसंगी पुनर्बांधणी करणाऱ्यास वास्तूचे जुने रूप जाणण्यासाठी छायाचित्रांचा आधार लागतो. आणि ती छायाचित्रे कोठून, कोणत्या दिशेने घेतली याची नोंद असेल तरच त्यांवरून मापे काढता येतात.

६. निष्कर्ष

या विवेचनावरून कामाचा क्रम ठरतो. जुनी चौकट सापडेल तेव्हा स्थळाकडे जाऊ, ही रीत इतरत्र चालेल. कोल्हापुरात ती घातक ठरेल, कारण चौकट सापडेपर्यंत स्थळ नाहीसे झालेले असेल. म्हणून येथे प्रथम स्थळांचेच पद्धतशीर छायाचित्रण करावयास हवे. स्टुडिओंच्या उरलेल्या भिंती, दरवाजे व मोकळी आवारे, रंकाळ्याचा काठ आणि पन्हाळ्याचे तट यांची छायाचित्रे अनेक स्थानांवरून घ्यावीत. प्रत्येक छायाचित्राबरोबर स्थान, दिशा, कॅमेऱ्याची उंची, भिंग, दिनांक व वेळ यांची नोंद ठेवावी. ज्यांनी तेथे काम केले त्यांच्या आठवणी त्याच स्थानी उभे राहून टिपून घ्याव्यात आणि त्या आठवणी म्हणूनच, पुराव्याहून वेगळ्या, नोंदवाव्यात. हरवलेल्या चित्रपटाचा एखादा तुकडा कोठल्या तरी पेटीत वा परदेशी संग्रहात मिळाल्याची उदाहरणे चित्रपटाच्या इतिहासात दुर्मिळ नाहीत. उद्या ‘सैरंध्री’ची चार-दोन चित्रे जरी हाती आली, तरी त्यांची तुलना कशाशी करावयाची हे त्या दिवशी माहीत असले पाहिजे, आणि ती सामग्री आजच्या विद्यार्थ्यांनीच जमवून ठेवावयाची आहे.