लाल-हिरव्याच्या पलीकडे

वाढ हिरवी, घट लाल ही आलेखांतली ठरलेली जोडी. पण उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण १२ पुरुषांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. स्त्रियांत हे प्रमाण २०० मागे एक. अनेकांना दोन्ही रेषा सारख्याच मातकट दिसतात.

जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी यावर आठ रंगांचा संच सुचवला: काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा. डिझाइन सिस्टिममध्ये तो जसाच्या तसा उचलायचा मोह होतो, पण जरा थांबा. त्यातल्या पिवळ्याचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.३ ला १ भरतो. वेब-सुलभतेची ‘डब्ल्यूसीएजी २.१’ (२०१८) ही मार्गदर्शक तत्त्वे मात्र आलेख समजण्यासाठी लागणाऱ्या आकारांना किमान ३ ला १ मागतात, साध्या अक्षरांना ४.५ ला १. म्हणजे पिवळी रेषा रंगांधांनाच काय, कुणालाच धड दिसायची नाही! तिला गडद किनार द्या, किंवा पिवळा काळ्या पार्श्वभूमीसाठी राखून ठेवा.

तापमान, लोकसंख्येची घनता अशा चढत्या आकड्यांना सुटे रंग नकोतच. एकाच दिशेने उजळत जाणारी छटा हवी. आलेख काढणाऱ्या ‘मॅटप्लॉटलिब’ या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये इंद्रधनुषी ‘जेट’ऐवजी जांभळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी ‘व्हिरिडिस’ स्वीकारली ती याचसाठी.

आणि रेषेचे नाव रेषेशेजारीच लिहा. माहिती नुसत्या रंगावर सोडायला ‘डब्ल्यूसीएजी’ची अगदी पहिल्या, ‘ए’ पातळीवरच मनाई आहे.