मनाने हलवलेला हात

एप्रिल २०११. अमेरिकेतल्या कॅथी हचिन्सन चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर टेबलावर कॉफीची बाटली, बाटलीत नळी आणि शेजारी एक यांत्रिक हात. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांचे हातपाय लुळे पडले होते, वाचाही गेली होती. तेव्हापासून साधा पाण्याचा घोटही दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागे. त्या दिवशी कॅथींनी बाटली उचलण्याचा नुसता विचार केला. यांत्रिक हात हळूहळू पुढे सरकला. त्याने बाटली धरली, ती ओठांपाशी नेली. कॅथी कॉफी प्यायल्या आणि प्रसन्न हसल्या.

वाट कुठे तुटते?

हात हलवायचा म्हटले, की मेंदूच्या ठरावीक भागातल्या पेशींमधून विजेचे सूक्ष्म संदेश निघतात. मज्जारज्जूतून आणि पुढे नसांमधून ते स्नायूंपर्यंत पोहोचतात. मानेला जबर मार बसला किंवा पक्षाघाताने मेंदूच्या देठाला इजा झाली, की ही वाट मध्येच तुटते. आज्ञा देणारी जागा शाबूत असते. पण निरोप पोहोचत नाही.

कॅथींच्या मेंदूत २००५ साली लहानशा गोळीएवढी एक चकती बसवली होती. तिच्यावर केसासारख्या बारीक ९६ तारा. या तारा पेशींचे संदेश टिपतात, संगणक त्यांचा अर्थ लावतो आणि यंत्राला हुकूम देतो. जॉन डोनह्यू, डॉ. ली हॉकबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २०१२ साली ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. कॅथींचे सहापैकी चार प्रयत्न यशस्वी झाले होते.

स्वतःचाच हात

पण यांत्रिक हात तो यांत्रिकच. आपलाच हात पुन्हा हलला तर?

इयान बर्कहार्ट हा ओहायो राज्यातला १९ वर्षांचा कॉलेजविद्यार्थी. २०१० साली मित्रांबरोबर समुद्रावर गेला, लाटेत सूर मारला आणि पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर आदळला. मान मोडली. खांदे आणि दंड तेवढे हलत. बोटे निर्जीव झाली.

२०१४ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याच्या मेंदूतही तशीच चकती बसवण्यात आली. फरक एवढाच, की इथे संगणकाचा हुकूम यंत्राकडे गेला नाही. तो गेला इयानच्या उजव्या हाताला गुंडाळलेल्या पट्ट्याकडे. पट्ट्यातून स्नायूंना विजेचे हलके झटके मिळत आणि मूठ मिटे, उघडे.

हे काही एका दिवसात साधले नाही. आठवड्यातून तीन-तीनदा, महिनोन् महिने सराव करावा लागला. एके काळी विचारही न करता होणाऱ्या हालचालीसाठी आता मन एकाग्र करताना तो थकून जाई. पण बाटली उचलून ओतणे, काडीने ढवळणे, यंत्रात कार्ड सरकवणे, इतकेच काय, गिटारचा व्हिडिओ गेम खेळणेही त्याला जमले. २०१६ साली हे जगासमोर आले.

दाराबाहेर काय?

या सुखाला एक कुंपण होते. दर वेळी डोक्यावरच्या खोबणीत केबल जोडावी लागे आणि ती जोडली जाई फक्त प्रयोगशाळेत. घरी परतला, की हात पुन्हा पहिल्यासारखाच. २०२१ साली संसर्ग झाल्यामुळे सात वर्षांनी चकती काढून टाकावी लागली. कमावलेली हालचाल तिच्याबरोबर गेली.

हा प्रयोग कायमचा नाही, हे इयानला पहिल्यापासून ठाऊक होते. आपल्यानंतर येणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो तयार झाला होता. पुढे त्याने मज्जारज्जूच्या दुखापतग्रस्तांसाठी संस्था काढली. मेंदूत अशी उपकरणे बसवून घेतलेल्यांना त्याने एकत्र आणले. कारण प्रयोग संपल्यावर उपकरणाची देखभाल कोणी करायची, खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न रुग्णाच्या वाट्याला येतात.

विचाराने हात हलतो, हे आता सिद्ध झाले आहे. तो घरच्या स्वयंपाकघरात, कोणी केबल जोडायला नसतानाही, रोज सकाळी चहाचा कप उचलू शकेल, तेव्हा कॅथींचा तो घोट खऱ्या अर्थाने सत्कारणी लागेल.