नवख्या जोडीदारासोबत यलोस्टोनच्या बर्फावर

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद दातेरी पट्टा आणि मध्ये इंजिन असलेले, फक्त बर्फासाठी घडवलेले वाहन. गुलमर्ग किंवा सोलांगला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांनी ते पाहिलेले असते. पण तिथे हँडल बहुधा स्थानिक चालकाच्या हाती असते आणि पर्यटक मागे बसून एक फेरी मारून येतो. उत्तर अमेरिकेत हे वाहन भाड्याने घेऊन, स्वतः चालवत दिवसभराचा प्रवास करण्याची रीत आहे. दोघांपैकी एकाला सराव आहे आणि दुसरा पहिल्यांदाच हँडल धरणार आहे, अशा जोडीची दोन-तीन दिवसांची सहल आखायची असेल, तर सगळ्या बेताचे माप नवख्यावरून घ्यावे लागते. सरावलेल्या माणसाला दिवसाला दोनशे किलोमीटर जाणे जड नसते. नवख्याचा अंगठा, मनगटे आणि खांदे शंभराच्या आतच भरून येतात. अंतर, वेळ, वाहन, मुक्काम हे सारे या एका गोष्टीवरून ठरते.

हे वाहन हौसेपोटी जन्माला आलेले नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, वालकूर या गावी गॅरेज चालवणाऱ्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात वारला. रस्ते बर्फाने बंद होते, त्याला रुग्णालयात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग बोंबार्डिए किशोरवयापासूनच करत होते. 1937 मध्ये त्यांना दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या गाड्या बंदिस्त आणि अनेक माणसे नेणाऱ्या होत्या. डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले यांच्यासाठी त्या वापरल्या जात. एक-दोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ 1959 मध्ये आली आणि तिथून पुढे हे वाहन सहलीचे झाले.

नवख्यासाठी जागा निवडताना दऱ्याखोऱ्यांतला मऊ, खोल बर्फ आधीच बाद करावा. तिथे वाहन रुतते, हिमकडे कोसळण्याचा धोका असतो आणि बीकन, फावडे, शोधकाठी यांचे प्रशिक्षण नसलेल्याने तिकडे फिरकू नये. गोठलेली तळीही टाळावीत; बर्फाची जाडी वरून पाहून कळत नाही. या दोन्ही अडचणी नसलेली आणि तरीही प्रवासाला अर्थ देणारी जागा म्हणजे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. 1872 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातले बहुतेक रस्ते हिवाळ्यात मोटारींना बंद असतात. डांबरावर साचलेला बर्फ यंत्राने दाबून सपाट केला जातो आणि त्यावरून स्नोमोबाइल आणि प्रवासी स्नोकोच चालतात. रस्ता रुंद, चढ सौम्य आणि वेगमर्यादा ताशी 35 मैल, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर. जाणत्याला हा वेग कमी वाटतो. पण नवख्यासाठी याहून चांगला नियम कुणी केला नसता, कारण मागे राहिल्याची लाज वाटून वेग वाढवण्याचा मोहच त्यामुळे उरत नाही.

उद्यानातले नियम कडक आहेत आणि त्यामागे मोठा झगडा आहे. खासगी स्नोमोबाइल तिथे 1963 पासून येऊ लागल्या. पुढच्या दशकांत गर्दी इतकी वाढली की, पश्चिम प्रवेशद्वारावर धुराचा निळसर थर साचत असे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना श्वसनाचे मुखवटे देण्याची वेळ आली. बंदीचा निर्णय, तो फिरवणे, कोर्टकचेऱ्या असे बराच काळ चालल्यावर 2013 मध्ये आजची पद्धत ठरली. त्यानुसार आत येणाऱ्या गटांची रोजची संख्या बांधलेली असते, धूर आणि आवाज यांच्या मर्यादेत बसणारी मॉडेलच चालतात आणि प्रत्येक गटासोबत मार्गदर्शक लागतो. अनुभवी लोकांना मार्गदर्शकाशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर जाता येईल असे मोजके परवानेही आहेत. ते सोडतीने मिळतात, एका गटात जास्तीत जास्त पाच वाहने असतात आणि चालवणाऱ्या प्रत्येकाला ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. जोडीदार नवा असेल तर या परवान्यामागे लागू नये. मार्गदर्शक सोबत असला की, सरावलेला जोडीदार शिक्षकाच्या भूमिकेतून सुटतो, आणि नवरा-बायकोने एकमेकांना वाहन शिकवण्यातून काय होते हे बहुतेक घरांना माहीत असते. मोटार चालवण्याचा वैध परवाना मात्र हँडल धरणाऱ्या प्रत्येकाकडे हवा. शिकाऊ परवाना चालत नाही.

हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. सुरुवातीला बर्फ पातळ असण्याची शक्यता असते. दिवसही जेमतेम पावणेनऊ तासांचा. मार्चमध्ये दुपारी बर्फ ओला होऊन रस्ता खडबडीत होतो. त्यामुळे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा काळ उत्तम. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत सुट्टी असते, ते लांबलेले शनिवार-रविवार टाळावेत. मुक्कामाचे गाव वेस्ट यलोस्टोन, मोंटाना राज्यात, उद्यानाच्या पश्चिम दाराला लागूनच. सगळ्यात सोयीचा विमानतळ बोझमनचा, सुमारे 145 किलोमीटरवर. गॅलाटिन नदीच्या घळीतून येणारा रस्ता हिवाळ्यात निसरडा असतो, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,030 मीटरवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळपास चारशे मीटर उंच. पहिल्या रात्री थोडी धाप लागणे, डोके जड होणे स्वाभाविक. भरपूर पाणी पिऊन लवकर झोपावे.

एकच दुहेरी वाहन घ्यायचे की दोन, हा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच सोडवावा लागतो. दुहेरी वाहन स्वस्त पडते, आणि ज्याला चालवण्याची इच्छाच नाही त्याच्यासाठी ते योग्यही आहे. पण मागे बसणाऱ्याला हातापायांना काम नसल्यामुळे थंडी जास्त लागते, पुढचे वळण दिसत नसल्याने अंग ऐनवेळी भलत्या बाजूला झुकते आणि दिवस संपताना त्याच्या वाट्याला पुढच्याच्या पाठीचेच दर्शन आलेले असते. शिकण्याची थोडीही उत्सुकता असेल तर दोन वाहने घ्यावीत. मन दोलायमान असेल तर एक एकेरी आणि एक दुहेरी घ्यावे. नवखा दमला तर मार्गदर्शकाशी बोलून काहीतरी तोड काढता येते. भाड्याच्या करारातले नुकसानभरपाईचे कलम नीट वाचावे. झाडाला स्की आपटून वाकली तर तिचा खर्च बहुधा भाडेकरूवरच येतो.

भारतात दुचाकी चालवलेल्या माणसाला हे वाहन अर्धे ओळखीचे वाटते, आणि तिथेच फसगत होते. गिअर नसतात, आपल्याकडच्या स्कूटीसारखीच दोन पुल्या आणि बेल्ट यांची रचना असते. ब्रेक डाव्या हाताला. पण वेग वाढवायला मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक खटका दाबायचा असतो. घाबरल्यावर माणूस हँडल घट्ट आवळतो. मूठ आवळली की अंगठाही आवळला जातो आणि जिथे थांबायचे तिथेच वाहन उसळी मारते. नवख्यांच्या अपघातांची ही अगदी नेहमीची जात आहे. म्हणून पहिला धडा चालवण्याचा नसून सोडण्याचा असावा: मोकळ्या जागी दहा-पंधरा वेळा थोडे पुढे जायचे आणि अंगठा पूर्ण उचलून वाहन आपोआप मंदावू द्यायचे. इंजिन बंद करण्याची दोरी जॅकेटला अडकवण्याची सवय त्याच वेळी लावावी. चालक खाली पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबते.

वळणाचे तंत्रही दुचाकीहून वेगळे. दुचाकी स्वतः कलते. अडीच-तीनशे किलोची स्नोमोबाइल आडवीच राहते. हँडल वळवावे लागते आणि चालकाला वळणाच्या आतल्या बाजूला अंग न्यावे लागते. स्कीच्या तळाशी कठीण धातूची पट्टी असते, ती बर्फात रुतली तरच वाहन वळते. अंगठा दाबलेला असेल तर भार मागे जातो, स्की हलक्या होतात आणि वाहन सरळच जात राहते. जोरात ब्रेक दाबला तर पट्टा जाम होऊन तेच होते. वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणात शिरल्यावर हलकासा थ्रॉटल द्यायचा, हा क्रम हातात बसायला अर्धा दिवस पुरतो. हा सराव गावालगतच्या राष्ट्रीय वनातल्या सपाट वाटेवर आदल्या दुपारी करावा. थेट उद्यानातच पहिली सकाळ घालवली तर लक्ष सगळे हातांकडे राहते आणि पाहायचे ते राहून जाते.

कपड्यांबाबत हयगय नको. उणे 15 अंश सेल्सिअस हे तिथल्या हिवाळी सकाळचे नेहमीचे तापमान. त्यात ताशी 50 किलोमीटरचा वारा अंगावर आला की उघड्या त्वचेला ते उणे 29 सारखे लागते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. याच परिसरात 9 फेब्रुवारी 1933 रोजी उणे 54 अंशांची नोंद झाली होती. अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर फ्लीस, सगळ्यांवर वारा अडवणारी छातीपर्यंतची पँट आणि जॅकेट. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही, म्हणून सुती मोजेसुद्धा वर्ज्य. पातळ माकडटोपी हेल्मेटखाली बसते. जाड बसत नाही. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र ठेवणारे मोजे उबदार. बूट किंचित सैल हवेत, कारण बोटे दाबली गेली की रक्त खेळत नाही. जॅकेट, बूट, हेल्मेट भाड्याने मिळतात. आतले थर मात्र स्वतःचे न्यावेत.

सर्वांत जास्त त्रास हेल्मेटच्या काचेचा. श्वासाची वाफ काचेवर गोठते आणि नवखा घाबरून काच वर करतो. मग डोळ्यांत पाणी येते आणि पापण्यांवर बर्फ धरतो. नाकावर बसणारा श्वास-पडदा नीट लावणे आणि थांबल्यावर लगेच काच उघडणे, एवढ्याने बराच फरक पडतो. विजेने तापणारी काच मिळत असेल तर नवख्यासाठी तीच घ्यावी. पाण्याची बाटली आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात. बाहेर ठेवले तर एक गोठते आणि दुसऱ्याची बॅटरी बसते.

मुख्य दिवसाचा मार्ग ओल्ड फेथफुलचा. वेस्ट यलोस्टोनपासून जायला 48 किलोमीटर, तेवढेच परत. पहिला टप्पा मॅडिसन नदीच्या काठाने सुमारे 22 किलोमीटर, मॅडिसनच्या तिठ्यापर्यंत. नदीच्या काठी ट्रम्पेटर हंस, एल्क, टकला गरुड दिसण्याची शक्यता चांगली. तिथे ऊब घ्यायची खोली आहे. गरज वाटो न वाटो, नवख्याने आत जाऊन हातमोजे काढावेतच. पुढे फायरहोल नदीच्या बाजूने गरम झऱ्यांचा पट्टा लागतो. इथे वाफेमुळे समोरचे पुसट होते आणि जमीन उबदार असलेल्या जागी बर्फ विरळ होतो. विरळ बर्फावर स्की पकड घेत नाहीत. वेग कमी करून सरळ जावे. ओल्ड फेथफुलचा फवारा साधारण दीड तासाच्या अंतराने उडतो, कधी 30 तर कधी 50 मीटरहून उंच. पुढची वेळ तिथे जाहीर केलेली असते, पण तिच्यासाठी वाटेत घाई करण्यात अर्थ नाही. एक चुकला तर जेवण होईपर्यंत दुसरा येतो.

ताफ्यात नवख्याची जागा मार्गदर्शकाच्या लगेच मागे, आणि सरावलेला जोडीदार त्याच्या पाठीमागे. रांगेच्या शेवटी असलेल्याला प्रत्येक वळणानंतर अंतर भरून काढायला वेग वाढवावा लागतो. ते काम नवख्याचे नव्हे. खुणा डाव्या हाताने करतात, कारण उजवा अंगठा थ्रॉटलवर असतो: हात सरळ वर म्हणजे थांबा, बाजूला आडवा म्हणजे डावीकडे, कोपरात वर वाकवलेला म्हणजे उजवीकडे.

बायसन हा या रस्त्याचा खरा मालक. दाबलेल्या बर्फावर चालणे त्यालाही सोपे जाते, त्यामुळे कळपच्या कळप समोरून येतात. त्यांच्यापासून किमान 23 मीटर आणि लांडगे-अस्वलांपासून 91 मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. कळप आला की मार्गदर्शक ताफा कडेला घेऊन थांबवतो. वाहनावरून उतरायचे का, इंजिन बंद करायचे का, हे तो सांगेल तसे करावे. शेपटी वर उचललेला बायसन चिडलेला असतो आणि तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावू शकतो. उपाशीपोटी हिवाळा काढणाऱ्या जनावराला पळायला लावणे म्हणजे त्याची साठवलेली चरबी जाळणे, एवढे लक्षात ठेवले तर थांबण्याचा कंटाळा येत नाही.

परतीच्या वाटेवर सरावलेल्या जोडीदाराने आपला आनंद थोडा बाजूला ठेवून पुढच्याकडे बघत राहावे. ब्रेक उशिरा दाबला जाणे, वळणावर कडेच्या मऊ बर्फात स्की जाणे, थांब्यावर बोलणे खुंटणे ही दमल्याची चिन्हे. जीभ जड होणे किंवा हातातून वस्तू पडणे हे त्याहून गंभीर. शरीराचे तापमान उतरू लागल्याची ती खूण असते. अशा वेळी तत्काळ थांबून ऊब, कोरडे कपडे, गोड गरम पेय द्यावे. दारू अजिबात नाही.

तिसरा दिवस आधीपासून बांधून ठेवू नये. नवख्याचे अंग मोकळे असेल आणि हौस वाढली असेल तर कॅन्यनचा मार्ग आहे. तिथला 94 मीटरचा लोअर फॉल्स हिवाळ्यात अर्धाअधिक गोठलेला दिसतो, पण अंतर आदल्या दिवसापेक्षा जास्त. अंग दुखत असेल तर वाहनाऐवजी स्नोकोचने किंवा गावातल्या गावात दिवस काढावा. वाहन परत करताना उजेड असतानाच दुकानदारासोबत स्की, काच आणि पट्टा पाहून घ्यावा, आणि ओले हातमोजे, बुटांचे आतले अस्तर रात्री हीटरजवळ, पण हीटरला न चिकटवता वाळत टाकावे.